प्रपत्रे भरली, शिक्षक गेले

संपादक महोदय,

विद्यापीठांची क्रमवारी घसरली की ‘व्यवस्थापन सुधारा’ अशी ओरड होते आणि सुधारणा म्हणून आणखी एक कक्ष, आणखी एक प्रपत्र जन्माला येते. मी एका महाविद्यालयात संख्याशास्त्र विभागाचा प्रमुख होतो. शिक्षकांच्या शोधनिबंधांची यादी एका कक्षाला जानेवारी ते डिसेंबर अशी हवी असे, दुसऱ्याला शैक्षणिक वर्षाप्रमाणे, तिसऱ्याला आर्थिक वर्षाप्रमाणे. निबंध तेच, रकाने निराळे, आणि प्रत्येक पत्रावर ‘तातडीचे’ हा शिक्का. त्या तक्त्यांवरून पुढे कोणी एखादा प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

त्याच काळात आमची एक गुणी शिक्षिका नोकरी सोडून गेली. कंत्राटी होती. संभाव्यतेसारखा विषय ती असा शिकवी की दुसऱ्या तुकडीची मुलेही मागच्या बाकावर येऊन बसत. सत्र सुरू झाले तरी तिच्या मुदतवाढीचे पत्र निघेना. फाइल एका सहीसाठी अडली होती. तिने दुसरीकडची कायम नोकरी धरली. तिचे तास आम्ही आपसांत वाटून घेतले आणि कागदावर वेळापत्रक ‘पूर्ण’ झाले. तक्त्यांत त्या वर्षीही आमचा विभाग उत्तमच दिसला!

मॅकॉर्मॅक, प्रॉपर आणि स्मिथ या संशोधकांनी ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक विद्यापीठांतल्या विभागप्रमुखांच्या मुलाखती घेऊन विभागांच्या कारभाराला गुण दिले. हा अभ्यास 2014 मध्ये ‘द इकॉनॉमिक जर्नल’मध्ये छापून आला. कारभार चांगला तिथे संशोधनही चांगले आणि अध्यापनही, असे त्यांना आढळले. आणि हे केवळ नावाजलेल्या जुन्या विद्यापीठांपुरते नव्हते. सर्वांत ठळक संबंध दिसला तो शिक्षकांची निवड, त्यांना टिकवणे आणि पदोन्नती यांच्याशी, तोही विभागाच्या पातळीवर. सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे नाही, हे मीच वर्गात घोकून घेत आलो. तरी हा निष्कर्ष माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो.

प्राध्यापकांना व्यवस्थापन नकोच, त्यांना मोकळे सोडा, असे म्हणणारे सहकारीही मी पाहिले आहेत. ते मला पटत नाही. (त्यांतल्या काहींचे वर्ग वेळेवर सुरू होत नसत, ही गोष्ट वेगळी.) हिशेब मागितलाच पाहिजे. पण विभागप्रमुखाला जाहिरात काढता येत नाही, चांगल्या माणसाला थांबवून धरता येत नाही, कामचुकारालाही हात लावता येत नाही. पद बहुधा पाळीने येते, प्रशिक्षण शून्य, आणि निकाल घसरला की खुलासा मात्र त्यालाच मागतात.

मूल्यांकन समित्यांनी यापुढे प्रत्येक विभागाला तीन गोष्टी विचाराव्यात: गेल्या पाच वर्षांत कोण सोडून गेले, का गेले, आणि निवड झाल्यापासून नेमणुकीचे पत्र हाती पडेपर्यंत किती दिवस लागले. उत्तरे संस्थेच्या संकेतस्थळावर टाकणे सक्तीचे करावे.

– एक निवृत्त विभागप्रमुख