ध्यान मोडते कुठे?

संपादक महोदय,

२१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये तो जाहीर केला. ध्यानाचा संकल्प मात्र बहुधा आठवड्यात बारगळतो, कारण सुरुवातच अर्ध्या तासाने होते. दहा मिनिटे पुरेत, दात घासल्यावर, चहाआधी. सपाट सतरंजीवर पाठ वाकते, पायांना मुंग्या येतात. बुडाखाली चार बोटे उंच चादरीची घडी ठेवली की गुडघे खाली टेकतात आणि पाठ सरळ राहते. श्वास एक ते दहा मोजावेत, चुकले की पुन्हा एक. मन भरकटणारच. वेळ लावायला मोबाइल नको. गजर बंद करताना व्हॉट्सअ‍ॅप उघडतेच! रात्री साडेदहाला जेवणारा पहाटे डुलक्याच घेणार. जेवण आठपर्यंत, पाचनंतर चहा बंद, एवढे आधी जमवावे.

– एक वाचक, ठाणे