मीटर लावायच्या आधी तुम्ही माझं ऐकून घेतलंत

मामा, नमस्कार.

तुम्ही म्हणालात, नाव-बिव काही टाकू नका. नाही टाकत. पण तुमच्या गॅरेजमध्ये आमची गाडी बरी केलीत त्याचे आभार मात्र चारचौघांत मानणार आहे, कारण तुमच्या आधी जे झालं तेही चारचौघांना कळायला हवं.

आईचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार असतं. पहाटेची पाळी. शुक्रवारनंतर एकदम सोमवार, म्हणजे तो खंड सगळ्यात मोठा. अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, रविवारची रात्र ती उशा लावून बसूनच काढते. आणि आमची गाडी बंद पडायची ती नेमकी सोमवारी. किल्ली फिरवली की नुसती कटकट, सेल्फ मारायचंच नाही. जुळे सोलापुरात त्या वेळी रिक्षा पटकन मिळत नाही. आई शाल पांघरून जिन्याच्या पायरीवर बसलेली, बाबा तिची पिशवी धरून उभे, आणि मी शेजाऱ्यांची बेल वाजवतेय. ते बिचारे कधी कुरकुरले नाहीत. झोपेतून उठून आपली गाडी लावायचे, केबल जोडून द्यायचे. त्यांचेही आभार मला इथंच मानू द्या.

ज्या वर्कशॉपकडे मी आधी गेले त्यांनी मला नवी बॅटरी घ्यायला लावली. पुढच्या सोमवारी तीही उतरली. मग म्हणाले, थंडीनं होतं. सोलापुरात! मग म्हणाले, मॅडम, तुमच्याकडून डिकी नीट लागत नसेल, आतला लाइट चालू राहात असेल. मी सांगत होते की रात्री अंधारात जाऊन मी स्वतः बघितलंय, एकही दिवा चालू नसतो. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिथल्या माणसानं माझ्या नवऱ्याचा नंबर मागितला आणि माझ्यासमोर त्यांना फोनवर समजावून सांगितलं. गाडी मी चालवते, बिल मी भरलं, पहाटे बॉनेट उघडून मी उभी राहते. तो राग अजून गेलेला नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा बोलायचीसुद्धा इच्छा उरली नव्हती. तुम्ही बॉनेट उघडलं नाहीत. स्टूल पुढं केलंत आणि विचारलंत, "कधी कधी उतरते सांगा. सगळं सांगा, गडबड नाही." बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेन्सिलीनं वार लिहून घेतलेत. सोमवारी बंद. मंगळवार ते शुक्रवार चालू. शुक्रवारी संध्याकाळनंतर गाडी हलत नाही. रोज मोहोळला जाऊन-येऊन ७० किलोमीटरच्या आसपास होतात, हेही लिहिलंत. मग पुठ्ठ्याकडे बघत म्हणालात, "रोज पळते तवा चालू होते म्हणजे डायनामो बरोबर हाय, बॅटरीपण धरतीय. उभ्या गाडीत कोणतरी करंट खातंय. मॅडम, अर्धं काम तुम्हीच करून आणलंय की ओ."

मामा, त्या वाक्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही मान फिरवून मीटर शोधायला लागलात, तेही माझ्या लक्षात आलं.

नंतरचं काम तर तुमच्या हातचंच. मीटर जोडल्यावर लगेच आकडा बघू दिला नाहीत. "गाडीला झोपू द्या आधी," म्हणालात. लॉक केल्यावरही आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बराच वेळ जागी असते, तोवर दिसणारा आकडा खरा नसतो, हे मला तेव्हा कळलं. अर्ध्या तासाहून जास्त थांबलो आपण. चांगल्या गाडीत झोपेतला करंट ०.०५ अँपिअरच्या आत असायला हवा आणि आमच्या गाडीत ०.४६ येत होता. तुम्ही त्याच पुठ्ठ्यावर हिशेब मांडलात. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार पहाट, ५८ तास धरले तर २६ अँपिअर-तासांच्या वर जातात, आणि बॅटरी ३५ ची. माझ्या सगळ्या सोमवारांचं उत्तर त्या पुठ्ठ्यावर होतं.

वर्कशॉपवाल्यांनी फ्यूज बॉक्समधले फ्यूज काढून बघितले होते म्हणे. त्यात काही सापडणार नव्हतंच, कारण करंट खाणारी वायर त्या बॉक्समधून जातच नव्हती. तुम्ही बॅटरीच्या टर्मिनलवरून निघालेली एक जाड लाल वायर धरून थेट आत गेलात, ड्रायव्हर सीटखाली हात घातलात आणि मला म्हणालात, "इथं हात लावून बघा." गाडी सकाळपासून सावलीत बंद उभी होती आणि तो डबा कोमट लागत होता. आधीच्या मालकानं बसवून घेतलेला म्युझिक सिस्टिमचा अ‍ॅम्प्लिफायर. टेप बंद झाला की त्यानंही बंद व्हावं म्हणून जी बारीक वायर असते, ती कुणीतरी थेट चालू लाइनला जोडून ठेवलेली. दिवसरात्र तो जागाच. त्याचा वेगळा फ्यूज काढल्यावर आकडा ०.०२ वर आला आणि तुम्ही मीटर माझ्या हातात दिलात. नवऱ्याला फोन करू का, असं विचारलं नाहीत.

तुमचं काम मी कौतुकानं बघत होते. पण मीटर कुणीही विकत आणू शकतं. समोरचा माणूस रोज ती गाडी वापरतो, त्याला काहीतरी माहीत असणार, हे धरून चालायला मन लागतं. दवाखान्यातही मी हेच बघते. आईला "आज कसं वाटतंय?" विचारून उत्तरासाठी थांबणारी एक सिस्टर आहे, तिच्या पाळीला आईचा चेहराच वेगळा असतो. अशी माणसं आपल्या गावात आहेत म्हणून माझ्यासारख्यांचं निभतं.

मजुरी तुम्ही आधी सांगितलीत, तेवढीच घेतलीत. वर म्हणालात, बॅटरी पुरती उतरून उतरून थोडी मार खाल्लेली असणार, पण आत्ता बदलू नका, अजून चालेल. तेव्हापासून सोमवारी गाडी पहिल्या फटक्यात चालू होते. आईनं तुमच्यासाठी शेंगाचटणी करून घेतलीय, या रविवारी घेऊन येते.

सोबत माझी ऑफिसमधली मैत्रीण असेल. तिचीही गाडी उभ्या उभ्या उतरते आणि तिलाही डिकीचंच सांगितलंय. गाडी कोणत्या वारी बंद पडते ते तिला लिहून ठेवायला सांगितलंय. तेवढं तिचंही ऐकून घ्या.

तुमची,
सोमवारवाली मॅडम