प्लेटलेट अँटिबॉडीचे सॅम्पल बर्फात पाठवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सरत आला की डेंग्यू वाढतो आणि ‘पेशी (प्लेटलेट) कमी झाल्या’ म्हणून गडचिरोली, मेळघाटकडची सॅम्पल नागपूरला धावू लागतात. हल्ली त्यात प्लेटलेटविरोधी अँटिबॉडीची (प्लेटलेटवर जाऊन बसणाऱ्या, त्यांचा नाश घडवणाऱ्या प्रथिनांची) तपासणीही लिहिलेली असते. ती महाग आहे. पुष्कळदा तिची गरज नसते आणि गरज असते तेव्हा सॅम्पल वाटेतच खराब होते.

आधी आकडा खरा आहे का ते पाहावे. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या मोजत नाही. काचपट्टीच्या शेपटाकडे गुठळ्या दिसल्या तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट (रक्त गोठू न देणारे दुसरे रसायन) नळीत खुणेपर्यंत रक्त घेऊन लगेच मोजावे आणि आकड्याला १.१ ने गुणावे, कारण तिथे नऊ भाग रक्तात एक भाग सायट्रेट मिसळलेले असते. एवढे कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात होते.

प्लेटलेटवरचे एकूण आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) मोजणारी जुनी तपासणी मागूच नये. प्लेटलेटच्या आतही आयजीजी असते, शिवाय डेंग्यूत, जंतुसंसर्गात, यकृताच्या आजारातही ते वाढलेले दिसते. मागायची तर १९८७ पासूनची ‘मायपा’ (MAIPA) ही तपासणी मागावी. तिच्यात रुग्णाच्या प्लेटलेट धुऊन त्यांना उंदराच्या पेशींपासून बनवलेली, एकाच ग्लायकोप्रोटीनला (प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला) धरणारी अँटिबॉडी लावतात. मग डिटर्जंटने प्लेटलेट फोडून तेवढेच ग्लायकोप्रोटीन तपासणीच्या प्लास्टिक पट्टीच्या खळग्यात पकडतात आणि त्यावर माणसाची अँटिबॉडी बसली आहे का, ते रंगावरून वाचतात. उंदराची आणि रुग्णाची अशा दोन्ही अँटिबॉडी एकाच जागेवर बसणाऱ्या असल्या तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो.

अडचण येते ती रक्त कमी पडण्याची. प्लेटलेट दर मायक्रोलिटरला (मिलिलिटरच्या हजाराव्या भागाला) दहा हजार असतील तर एक मिलिलिटर रक्तात त्या एक कोटीच भरतात. एका ग्लायकोप्रोटीनसाठीच एक-दोन कोटी लागतात, आणि धुताना बऱ्याच गळतात. दोन मिलिलिटरच्या एका नळीत भागत नाही, मोठ्या माणसाचे १० ते २० मिलिलिटर ईडीटीए रक्त हवे. नवजात बाळाचे एवढे रक्त काढता येत नाही. तिथे आईकडून बाळात गेलेल्या अँटिबॉडी शोधायला आईचे सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) घेऊन वडिलांच्या प्लेटलेटवर तपासतात.

हे रक्त प्लेटलेटची पिशवी चढवण्याआधी घ्यावे, नाहीतर दात्याच्या प्लेटलेटही तपासल्या जातात. नळी फ्रीजमध्ये किंवा बर्फात ठेवू नये, गारठ्याने प्लेटलेटचा आकार बिघडतो. बंद गाडीतल्या उन्हातही ठेवू नये. २० ते २४ अंशांत, थर्माकोलच्या डब्यात बर्फाशिवाय, त्याच दिवशी रवाना करावी. वेगळे केलेले सीरम मात्र थंड चालते, म्हणून दोन डबे करावेत. आमच्या भागात सगळे एकाच बर्फाच्या डब्यात भरतात, ते आजच थांबवता येईल.

आयटीपीच्या (शरीराच्याच अँटिबॉडीमुळे प्लेटलेट कमी होण्याच्या आजाराच्या) जवळपास निम्म्या रुग्णांत ही तपासणी निगेटिव्ह येते. रक्तस्राव होत असेल तर रिपोर्टसाठी उपचार अडवून धरू नयेत.

आपले,
रक्ततपासणी प्रयोगशाळांतील काही तंत्रज्ञ,
जि. गडचिरोली