किनारा जवळ म्हणून सोपं?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला, एकट्याने केलेल्या सागरप्रवासांवरचा लेख आवडीने वाचला. ‘म्हादेई’ ही शिडाची नौका आणि तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेले आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्याबद्दल चार ओळी जास्त आल्या असत्या तरी चाललं असतं. पण तक्रार ती नाही. लिसा ब्लेअर यांनी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाला एकटीने, कुठेही न थांबता, कोणाची मदत न घेता ५८ दिवसांत वळसा घातला, असं पहिल्यांदाच एका स्त्रीने केलं, हे लेखात आहे. आणि लगेच पुढे, ‘पृथ्वीप्रदक्षिणेच्या मानाने हे सोपं, कारण किनारा कायम हाताशी असतो’!

मी मालवाहू जहाजांवर नोकरी केली. किनारा हाताशी असतो हीच तर खरी अडचण.

एकट्या माणसाला झोपावं लागतं. भर समुद्रात, जहाजांच्या वाटेपासून दूर असलात, तर शीड आवरून तासभर पडता येतं. नौका वाहवली तरी आपटायला काही नसतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला ग्रेट बॅरिअर रीफ २,३०० किलोमीटर पसरलेली. तिच्या आतल्या बाजूने जायचं तर एकीकडे प्रवाळ, दुसरीकडे जमीन आणि मधल्या पट्ट्यात आमच्यासारखी जहाजं. वर, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधे, टॉरेसची सामुद्रधुनी. पाणी उथळ, प्रवाह जोरदार. पूर्व किनाऱ्यावरच्या ग्लॅडस्टोन बंदरात कोळसा भरायला रिकामं जहाज घेऊन आम्ही तिथून जायचो तेव्हा वाट दाखवणारा स्थानिक पायलट चढायचा, ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) दोन-तीन जण डोळ्यात तेल घालून उभे असायचे, तरीही कॅप्टन खुर्चीत टेकायचा नाही. माझा वॉच, म्हणजे पहारा, बारा ते चारचा. त्या वेळी रडारवर एखादी शिडाची नौका म्हणजे लाटांच्या ठिपक्यांतला आणखी एक ठिपका. कधी दिसायचा, कधी नाही. त्या नौकेवरच्या माणसाचा हिशेब वेगळाच. क्षितिजावर दिसलेलं जहाज वीस-पंचवीस मिनिटांत त्याच्या अंगावर येऊ शकतं. म्हणजे झोप तेवढीच, गजर लावून, आठवडेच्या आठवडे.

जेसिका वॉटसन या मुलीचं उदाहरण लेखात हवं होतं. सोळाव्या वर्षी तिने २१० दिवसांत एकटीने, कुठेही न थांबता, दक्षिण महासागरातून जगाला फेरी मारून दाखवली. पण त्याआधी, सप्टेंबर २००९ मध्ये, ब्रिस्बेनहून सिडनीला निघालेली असताना पहिल्याच रात्री ती डुलकी घेत होती आणि तिची नौका एका मोठ्या मालवाहू जहाजाला धडकली. डोलकाठी मोडली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, वादळी केप हॉर्नला नव्हे, घरच्या किनाऱ्यावर!

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पृथ्वीप्रदक्षिणेसाठी दक्षिण महासागरातून पूर्वेकडे जाणाऱ्याला पश्चिमी वारे बहुतेक वाट पाठीशी मिळतात. बेटाला वळसा घालताना ती चैन नाही. कोणत्याही दिशेने निघा, चार बाजूंपैकी एखादी बाजू वारं तोंडावर घेऊनच काढावी लागते, तीही किनारा उशाशी ठेवून. भरतीचं काय सांगावं. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला डर्बी गावाच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक ११ मीटरच्या घरात जातो. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं तरी आपल्याकडे बातमी होते.

आमच्या वेंगुर्ल्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला (मासेमारी होडीच्या म्होरक्याला) हा लेख वाचून दाखवला. तो म्हणाला, “चाळीस वाव पाण्यात मी झोपतंय, चार वावात कशी झोप येतली?” (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट.) लेखकांना माझ्या पानभर पत्रापेक्षा हे लवकर पटेल.

भर समुद्र सोपा, असं मात्र मला म्हणायचं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात टॉमी यांच्या ‘थुरिया’ या नौकेची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार बसला आणि सुटका व्हायला तीन दिवस लागले. किनाऱ्यालगत असते तर मदत लवकर पोहोचली असती, हे खरंच आहे. पण मदत घेतली की ‘विनाथांबा, विनामदत’ हा विक्रम तिथेच संपतो. समोर बंदराचे दिवे दिसत असताना, ओले कपडे अंगावर, आत न वळता पुढे जायचं. मला ते जमलं नसतं.

एक विनंती. असा लेख पुन्हा छापाल तेव्हा सोबत नकाशा द्या, आणि त्यात नुसते मैल न देता वाऱ्याचे बाण आणि पाण्याची खोलीही दाखवा.

आपला,
एक निवृत्त जहाज-अधिकारी, वेंगुर्ले