‘हे आता जाणार कुठे?’ : प्रयोगशाळेतील काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायला मला तीन वर्षे लागली, याची खंत आहे. प्रॅक्टिकल संपल्यावर दप्तर उचलता उचलता ‘येते काका’ म्हणणे वेगळे आणि आभार मानणे वेगळे. हे पत्र सर्वांना वाचता येईल असे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण तुम्ही मला जे शिकवलेत ते कोणत्याही विषयाच्या अभ्यासक्रमात नव्हते आणि माझ्याबरोबरच्या अनेकांपर्यंत ते अजून पोचलेले नाही.

पहिल्या वर्षी आम्ही लेड नायट्रेटच्या, म्हणजे शिशाच्या एका क्षाराच्या, द्रावणात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले होते. लेड आयोडाइडचा पिवळाधमक अवक्षेप, म्हणजे तळाशी बसणारा साका, तयार झाला. तो गरम करून विरघळवला आणि परीक्षानळी सावकाश थंड होऊ दिली, तेव्हा सोन्याच्या वर्खाचे कण असावेत तसे स्फटिक चकाकत खाली उतरू लागले. मला ते इतके आवडले की मी प्रयोग दोनदा केला. जर्नलवर सही घेतली आणि नळी रिकामी करायला बेसिनकडे वळले. तुम्ही शेजारी चंबू विसळत होतात. तुम्ही रागावला नाहीत, एवढेच विचारलेत, ‘अगं, हे आता जाणार कुठे?’

मी म्हटले, ‘पाइपात.’ तुम्ही म्हणालात, ‘आणि पाइपातून?’ मी म्हटले, ‘गटारात.’ ‘आणि तिथून?’ यापुढचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तुम्ही हात पुसलेत, ‘जड धातू’ अशी चिठ्ठी लावलेली बरणी पुढे केलीत आणि पुन्हा आपल्या कामाला लागलात. रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवायला निघालेल्या मुलीला तिसऱ्याच प्रश्नाला निरुत्तर व्हावे लागले, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

त्या उत्तराचा शोध घेताना पहिली गोष्ट समजली ती ही, की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खाऊन संपवतात, पण शिशापुढे त्यांचे काही चालत नाही. शिसे हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे आणखी विघटन होत नाही. ते रूप बदलते आणि जागा बदलते. त्यातले बरेचसे गाळात उतरते, काही पाण्याबरोबर पुढे जाते, आणि तो गाळ शेतात खत म्हणून टाकला गेला तर मातीत पोचते. तुमच्या प्रश्नाचे पुढचे उत्तर मात्र शरीरात होते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत साठवून ठेवते. तिथे ते कित्येक दशके राहू शकते आणि गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम बाहेर पडू लागले की त्याच्याबरोबर रक्तात उतरून बाळापर्यंत जाऊ शकते. पोटात गेलेल्या शिशाचा जेवढा वाटा मोठ्या माणसाचे शरीर शोषून घेते, त्याच्या चार ते पाच पट वाटा लहान मूल शोषून घेते. मुलांच्या रक्तातले अमुक इतके शिसे निर्धोक आहे असे आजवर कोणालाही सांगता आलेले नाही. 1979 साली हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतले शिसे मोजले आणि जास्त शिसे असलेल्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतील कामगिरी आणि वर्गातले लक्ष दोन्ही कमी असल्याचे दाखवले. त्या मुलांपैकी कोणीही वरवर आजारी दिसत नव्हते. हे वाक्य मी वाचनालयात दोनदा वाचले होते.

काका, क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाची हकीकत वाचताना मला सारखी आपली प्रयोगशाळा आठवत होती. उल्कापाषाणातले शिसे मोजून पृथ्वीचे वय काढण्याच्या खटपटीत ते होते, पण बाहेरून शिरणाऱ्या शिशामुळे प्रत्येक मापन बिघडत होते. हवेतून, धुळीतून, भांड्यांवरून, माणसांच्या केसांवरूनसुद्धा शिसे नमुन्यात येत होते. वर्षानुवर्षे घासून, पुसून, गाळून त्यांनी आपली खोली स्वच्छ केली, तेव्हा कुठे 1956 साली पृथ्वीचे वय सुमारे 455 कोटी वर्षे हा आकडा पक्का झाला. एवढ्यावर थांबता आले असते. त्यांनी मात्र तुमचाच प्रश्न उलट्या दिशेने विचारला, की हे शिसे आले कुठून? उत्तराचा मोठा भाग पेट्रोलमध्ये सापडला, ज्यात 1923 पासून शिशाचे संयुग मिसळले जात होते. उद्योगाचा विरोध सोसून ते हे सांगत राहिले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणे जगातल्या शेवटच्या देशात बंद झाले ते 2021 साली. जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात गाड्यांच्या धुराड्यांतून पडलेले शिसे रस्त्याकडेच्या मातीत आजही आहे.

दुसरी आठवण थर्मामीटर फुटला त्या दिवसाची आहे. पाऱ्याचे थेंब ओट्यावरून खाली ओघळले आणि फरशीच्या सांध्यांत शिरले. आमच्यातल्या एकाने झाडू आणला, दुसरी बोटाने गोळ्या पळवू लागली. तुम्ही सगळ्यांना मागे सरायला लावलेत, खिडक्या उघडल्यात, पंखे बंद केलेत आणि दिवा मालवून टॉर्च फरशीला लागून आडवा धरलात. मघाशी चारपाच दिसणारे थेंब तिरप्या उजेडात शंभरभर झाले, टाचणीच्या टोकाएवढे, सगळीकडे चमकणारे. तुम्ही ते जाड कागदाच्या कडेने एकत्र केलेत, उरलेले ड्रॉपरने आणि चिकटपट्टीने उचललेत, सांध्यांत गंधकाची पूड भरलीत. झाडूने थेंब फुटून आणखी बारीक होतात आणि जास्त वेगाने वाफ होतात, हे तुम्ही काम करता करता सांगितलेत.

पारा पोटात गेला तर घात करतो असे आम्ही सगळे समजत होतो. धातुरूप पारा गिळला गेला तर आतड्यांतून तो जेमतेम शोषला जातो, पण त्याची वाफ श्वासावाटे गेली तर तिचा सुमारे 80 टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात उतरतो, हे मला नंतर कळले. त्या वाफेला रंग नाही आणि वासही नाही. प्रयोगशाळेत आपण नाकावर किती भिस्त ठेवतो! प्राणिशास्त्र विभागात फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे, तेव्हा आम्ही ‘सवय होईल’ म्हणायचो. त्यातल्या फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 पासून माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत गणले आहे. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास थोड्या प्रमाणातही लगेच येतो, पण प्रमाण धोक्याच्या पातळीला पोचले की तोच वायू नाकाची जाणीव बधिर करतो आणि वास येणे थांबते. ‘वास गेला म्हणजे वायू गेला असे धरू नका’ असे म्हणून फ्यूम हूडची, म्हणजे वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटाची, काच तुम्ही दर वेळी खाली ओढायचात. आम्हाला ती काच कामात अडथळा वाटायची, आणि तुमची पाठ वळली की आम्ही ती वर सरकवत असू. याची मी आज माफी मागते.

पाऱ्याच्या निमित्ताने मी मिनामाताबद्दल वाचले आणि तिथून माझ्या अभ्यासाची दिशाच बदलली. जपानमधल्या त्या किनाऱ्यावर चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याने 1932 ते 1968 या काळात पारा असलेले सांडपाणी समुद्रात सोडले. त्यातला मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचे एक विषारी संयुग, आधी शिंपल्यांत आणि माशांत, मग मांजरांत आणि मासे खाणाऱ्या कुटुंबांत पोचला. माणसांचे हात थरथरू लागले, दृष्टी अरुंद झाली, बोलणे अडखळू लागले. ज्या आयांना स्वतःला फारसा त्रास जाणवला नव्हता, त्यांच्या पोटी गंभीर व्यंग असलेली मुले जन्मली. वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव, बाळाला विषापासून वाचवते हा तोवरचा समज तिथे मोडला. कारखान्याच्याच रुग्णालयातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी 1956 साली या आजाराची नोंद अधिकाऱ्यांकडे केली, आणि 1959 साली एका मांजराला कारखान्याचे सांडपाणी अन्नातून देऊन तोच आजार होतो हे पाहिले. कंपनीने तो निष्कर्ष दडवून ठेवला आणि सांडपाणी पुढची नऊ वर्षे वाहत राहिले. हे जाणार कुठे, याचे उत्तर माहीत असलेली माणसे तिथे होती, ही गोष्ट मला अज्ञानापेक्षा कितीतरी जास्त अस्वस्थ करते.

आता जे लिहायचे आहे ते मला सर्वांत जड जाते. 1700 साली बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या आजारांवर लिहिताना इतर वैद्यांना सुचवले होते, की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचाराल तेव्हा ‘तू काय काम करतोस?’ हेही विचारा. हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुमचे हात आले. बोटांच्या पेरांवरच्या भेगा मी तीन वर्षे पाहत होते आणि कधीही काही विचारले नव्हते. आम्ही आठवड्यातून दोनदा तीन तास त्या खोलीत असतो. तुम्ही रोज, दिवसभर, कित्येक वर्षे आहात. आम्ही गेल्यावर आमच्या ब्युरेट आणि चंबू क्रोमिक अ‍ॅसिडने धुणारे तुम्हीच, आणि त्यातले षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे विषारी रूप, कातडीला जखमा करते व श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचा कर्करोग घडवू शकते, हे आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवलेले आहेत. तुमच्या भेगा कशाच्या आहेत हे डॉक्टरांनीच सांगायचे. पण जोडभर चांगले हातमोजे तुमच्यापर्यंत पोचायला विद्यार्थ्यांचा अर्ज जावा लागला, आणि तो अर्जही या वर्षीच गेला, हे मी विसरू शकत नाही. पर्यावरण आणि आरोग्य म्हटले की मला दूरची धुराडी आणि नद्या आठवत. विषाच्या मात्रेचा हिशेब शिकवताना ‘प्रमाण आणि वेळ’ म्हणतात, त्यातला ‘वेळ’ माझ्याशेजारी उभा राहून चंबू विसळत होता.

तुमच्या प्रश्नातून आमच्या वर्गाने थोडे काम सुरू केले आहे, ते तुम्ही पाहताच. प्रत्येक प्रयोगाच्या पानावर आता शेवटी ‘उरलेले कुठे टाकायचे’ अशी ओळ आम्ही हाताने लिहितो, लेड आयोडाइडचा प्रयोग पूर्वीच्या दहाव्या हिश्शाच्या प्रमाणात करतो आणि काचसामान धुण्यासाठी क्रोमिक अ‍ॅसिडऐवजी साबणी द्रावण वापरायला परवानगी मिळाली आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी मी पर्यावरणीय आरोग्य हा विषय निवडला आहे. प्रवेशाच्या मुलाखतीत या विषयाकडे कशी वळलात असे विचारले, तेव्हा मी बेसिनपाशी तुम्ही विचारलेला प्रश्न सांगितला.

काका, एक विनंती आहे. तुमच्या त्वचेची आणि फुप्फुसांची तपासणी करून घ्यायची असे आपले ठरले होते आणि तुम्ही ती परीक्षा संपेपर्यंत पुढे ढकललीत. परीक्षा संपल्या. जाताना तुम्ही इतकी वर्षे हाताळलेल्या रसायनांची यादी बरोबर न्यायची आहे, कारण डॉक्टर ती विचारतील. मी जर्नलांवरून ती काढायला घेतली आहे, अर्धी झाली आहे. उरलेली नावे तुमच्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाहीत. बुधवारी चारनंतर मी प्रयोगशाळेत येते.

तुमची नम्र,
तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी