पाणी किती ते सांगता येतं, का आलं ते नाही : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी एफएम रेडिओचे नियम सैल केले. देशातल्या एकूण वाहिन्यांपैकी 15 टक्क्यांहून जास्त वाहिन्या एका कंपनीकडे नसाव्यात, ही अट तेव्हा गेली. रेडिओ कंपन्यांची ती मागणीच होती. पण त्याच रेडिओवरून स्वतः गोळा केलेली बातमी सांगायला असलेली मनाई जागची हलली नाही. मालकाचे हात मोकळे झाले, निवेदकाचं तोंड बांधलेलंच राहिलं. मी पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी राहतो. या उफराट्या क्रमाची झळ आम्हाला कशी बसते, ते आपल्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

आमच्याकडे पावसाळ्यात माणूस भेटला की रामराम नंतर, आधी ‘आयर्विनला किती?’ सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. वीज आधीच गेली होती, मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही गल्लीतली चार घरं एका माडीवर होतो. बॅटरीतले सेल काढून रेडिओत घालायचे, ऐकून झालं की परत बॅटरीत, कारण रात्री जिन्याची कितवी पायरी बुडाली ते बघायला उजेड लागायचा. त्या सेलवरून भांडणंही झाली. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली, ती आमच्याच तालुक्यातली.

अशा वेळी नुसता आकडा पुरत नाही. कोयनेतून विसर्ग किती, अलमट्टीतून पुढे किती जातंय, एवढं तर हवंच. त्याखेरीज गावात बोट का आली नाही आणि धरणाचे दरवाजे आधीच का उचलले नाहीत, हेही लोकांना हवं असतं. आपल्या मंत्रालयाचं 2011 चं एफएम धोरण या दोन्हींत रेघ मारतं. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्तीचे इशारे हे सगळं त्यात ‘बातमी’ धरलेलं नाही, म्हणून चालतं. पण सूचना आणि इशारे स्थानिक प्रशासनाने दिलेले हवेत. प्रशासनाने दिलं ती माहिती. प्रशासनाला विचारून, तपासून, लोकांशी बोलून आणलं की ती बातमी, आणि मग बंद. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवायला तेवढी मुभा. चुकणारी यंत्रणा कोणती आणि तिच्याविषयी सांगण्याचा अधिकार कोणाला, याचं उत्तर एकच निघतं, याचं आपल्याला काही वाटत नाही का?

खासगी एफएम दिवसभर गाणी वाजवतंय, त्याला बातम्यांची फारशी हौस नसेलही. मला जास्त लागतं ते सामुदायिक रेडिओचं, म्हणजे स्थानिक संस्थेने आपल्या भागासाठी चालवलेल्या छोट्या केंद्राचं. बातमीची मनाई त्यालाही आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे, आमच्याच जिल्ह्यात जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’ आहे. दोन्ही तालुके कायमचे दुष्काळी. अशा केंद्राचा प्रक्षेपक साधारण 100 वॅटचा, आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या आत विरतो. आता समजा, उद्या टँकर येणार असं तहसील कार्यालयाने कळवलं, ते सांगता येईल. आठ दिवस टँकर फिरकला नाही आणि बाया विहिरीच्या तळाला उतरून वाटीने पाणी भरताहेत, हे तिथे जाऊन, बोलून, बातमी म्हणून सांगायचं झालं तर परवान्याची धास्ती. त्याच गावातलं एखादं पोरगं तेच मोबाइलवर चित्रित करून जगभर टाकू शकतं. टीव्हीवर बातम्यांच्या साडेतीनशेहून जास्त वाहिन्यांना परवाने आहेत, त्यांचे आरडाओरडे आम्ही रोज ऐकतो. धोका काय तो दहा किलोमीटरच्या मराठी आवाजाचाच!

‘कॉमन कॉज’ या संस्थेने 2013 मध्ये ही बंदी सर्वोच्च न्यायालयात नेली, तेव्हा सरकारने सुरक्षेचं आणि देखरेखीचं कारण पुढे केलं. सामुदायिक केंद्रांना प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावं लागतं, ही आपलीच अट. खोटं बोललं तर पुरावा कपाटात तयार असतो. याच न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 ला, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून सुरू झालेल्या खटल्यात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं बजावलं होतं. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. लहरींवर सरकारची मक्तेदारी नको, हे त्या निकालात आहे, आणि त्या धनदांडग्यांच्याही ताब्यात जाऊ नयेत, हेही आहे. आपण सोयीचं तेवढं वाचलंत, असं म्हणायची वेळ आली आहे.

कारण नुसती बंधनं काढली की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. अमेरिकेने 1996 च्या कायद्याने रेडिओ मालकीची देशपातळीवरची मर्यादा उठवली. काही वर्षांतच एका कंपनीकडे हजारावर केंद्रं गेली. नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावात सहाच्या सहा व्यापारी केंद्रं तिचीच होती. 18 जानेवारी 2002 च्या रात्री तिथे मालगाडी घसरून अमोनिया वायू पसरला, आणि पोलिसांना रेडिओवरून लोकांना सावध करणं जमेना. दोष पोलिसांच्या यंत्रणेचा की केंद्रात माणूस नसण्याचा, यावर तिथे पुष्कळ वाद झाला. तो ज्याने त्याने घालावा. मला भीती आहे ती सांगलीच्या पुराची बातमी मुंबईतल्या संगणकावर आधीच रचून ठेवलेल्या गाण्यांमध्ये अडकण्याची.

राहता राहिली आकाशवाणी. जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग हलवण्याचा निर्णय आला. सकाळी सात-दहाच्या बातम्या ज्यांच्या घरात घड्याळासारख्या लागतात अशा लोकांनी ओरड केली, तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. स्थगितीवर किती दिवस काढायचे?

माझं मागणं मोठं नाही. दूरसंचार आणि प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ‘ट्राय’ने सप्टेंबर 2023 मध्ये खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या व चालू घडामोडी सांगू द्याव्यात, अशी शिफारस केली. बाहेरच्या कोणी नाही, सरकारच्याच नियामकाने. ती सामुदायिक केंद्रांनाही लागू करा, किंबहुना त्यांना आधी. बातमीची परवानगी देताना केंद्र ज्या जिल्ह्यात आहे तिथे चोवीस तास एक तरी माणूस हजर असण्याची अट घाला, आणि 15 टक्क्यांची मर्यादा परत आणण्याचा विचार करा. पुण्याच्या वृत्त विभागाबद्दल कायमचा आदेश काढा.

यातलं काही मान्य नसेल, तर का नाही ते कारणांसह लेखी जाहीर करा, आणि ते येत्या जूनच्या आत करा. त्यानंतर आम्ही आयर्विनकडे बघत बसलेले असतो.

आपला,
कृष्णाकाठचा एक श्रोता
ता. पलूस, जि. सांगली