फुंकायला नाही म्हणू नका

सर्व चालक सभासदांना नमस्कार. गंगापूर रोडच्या वायनरीतून पाहुणे आणताना 'एक घोट घ्या हो' असा आग्रह होतोच. घेऊ नका. नाकाबंदीत पोलिसांच्या श्वासातली दारू मोजणाऱ्या मशीनमध्ये फुंकायला नाही म्हटलं की सुटलो, हा स्टँडवरचा गैरसमज आहे. दारूचा संशय असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ नुसार विनावॉरंट अटक होऊ शकते, मग रक्ततपासणी. तीही विनाकारण नाकारली, तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच कोर्टात आपल्या अंगावर येतो. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं, की पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. बडीशेप चघळून मशीन फसत नाही, उगाच पाकीट फोडू नका. नळी नवी लावून मागा, पण फुंका.